नानांना घेऊन थंडीकडे

डिसेंबरात नाशिकला जाऊ नका, फार थंडी असते, असं चेन्नईतले लोक मला सांगतात तेव्हा हसूही येतं आणि रागही. आमच्या इमारतीचा वॉचमन डिसेंबरात डोक्यावर माकडटोपी घालतो आणि पायाशी टेबलफॅन लावून बसतो. अशा लोकांनी थंडीबद्दल बोलूच नये.

लग्न होऊन मी तिकडे गेले त्याला वीस-बावीस वर्षं झाली. सुरुवातीला डिसेंबर लागला की मी हौसेनं गोधडी काढायची आणि पंख्याखाली पांघरून झोपायची. नवऱ्यानं, श्रीकांतनं, हा वेडेपणा निमूट सहन केला. पुढे गोधडी माळ्यावर गेली ती गेलीच. तिथे उन्हाळा असतो, मग जास्त उन्हाळा असतो आणि मध्ये कधीतरी धो धो पाऊस पडून रस्ते तुंबतात. जुने फोटो काढून बसलं तर हा मेमधला की जानेवारीतला हे सांगता येत नाही. सगळ्या फोटोंत आम्ही सुती कपड्यांत, घामेजलेले, एकसारखे.

माझी ही गत, तर नानांचं काय झालं असेल? नाना म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी सारा जन्म द्राक्षबागेत काढला. छाटणी, फवारणी, विरळणी, काढणी. त्यांचं कॅलेंडर बागेत टांगलेलं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांना विसरायला व्हायला लागलं, आईचे गुडघे गेले, म्हणून दोघांना मी चेन्नईला आणलं. गेल्या वर्षी आषाढात आई तिथेच वारली. तेराव्याची माणसं अजून घरात होती आणि नानांनी सगळ्यांदेखत विचारलं, "शैले, तुझी आई कुठं गेली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "गावी गेलीय नाना. थंडी पडली की आपणही जाऊ."

ही थाप फार सोयीची निघाली, कारण चेन्नईत थंडी पडतच नाही. नाना रोज सकाळी बाल्कनीच्या जाळीतून हात बाहेर काढायचे, थोडा वेळ तसाच धरायचे आणि म्हणायचे, "नाय पडली अजून." मग दिवसभर गप्प. दीड वर्ष आमचं असं चाललं. या डिसेंबरात मात्र ते जेवेनासे झाले. पानात काय वाढलंय तेही बघायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या जागी नेऊन बघा, काही वेळा फरक पडतो.

"आणि तिथे गेल्यावर आई कुठाय म्हणाले तर?" श्रीकांतनं विचारलं.

मी दुसरी थाप तयार ठेवली होती. आईचं माहेर देवळ्याचं. ती माहेरी गेलीय म्हणायचं. गावी माझा चुलतभाऊ अशोक आणि त्याची बायको मंगल आमच्याच घरात राहतात. अशोकला फोन करून सगळ्या गावाला तसं बजावून ठेवायला सांगितलं. हे सगळं नानांसाठी केलं असं मी तेव्हा म्हणत होते. पण मलाही थंडी हवी होती, हाव सुटल्यासारखी हवी होती. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

घाट चढल्यावर

श्रीकांत चेन्नईतच थांबला. नाना आणि मी मुंबईत विमानातून उतरलो तेव्हाही दमटच होतं. अशोक गाडी घेऊन आला होता. कसारा घाट चढून इगतपुरीला आलो तेव्हा दुपार कलली होती. चहाला थांबलो, मी दार उघडलं आणि थंडीनं नाकाच्या शेंड्याला हात लावला. किती वर्षांनी! मी तिथेच रस्त्याकडेला उभी राहून लहान मुलासारखी तोंडानं वाफ काढून बघत होते. निघत नव्हती. तेवढी थंडी अजून पडली नव्हती, पण पुढे पडेल अशी आशा वाटत होती.

नाना मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसले होते. प्रवासभर त्यांनी मला 'बाई' म्हटलं होतं. "बाई, कुठं निघालो आपण?" असं चार-पाच वेळा विचारून झालं होतं. मी काच खाली केली. त्यांनी सवयीनं हात बाहेर काढला, धरला आणि आत घेतला. मग अशोककडे बघून म्हणाले, "अशोक, काच लाव. वारं लागतंय."

अशोकला त्यांनी चार वर्षांत बघितलं नव्हतं. मुंबईहून तीन तास त्याच्याच गाडीत बसले होते, पण तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. अशोकनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ भीतीही वाटली. कारण अशोक आठवला तर बाकीचंही आठवणार होतं.

गाव

पहिल्या सकाळी उठले तर खोबरेल तेल बाटलीत गोठून पांढरं झालेलं. चेन्नईत या गोष्टीचा मला पार विसर पडला होता. मंगलनं बाटली चुलीजवळ ठेवली आणि हसत म्हणाली, "ताई, तुम्ही तर पाव्हण्यावाणी बघायला लागल्या तेलाकडं." ओठ एका दिवसात फाटले, टाचा भेगाळल्या. अंघोळीचं पाणी बंबातून बादलीत पडेपर्यंत अर्धं निवत होतं. चेन्नईहून आणलेल्या पातळ सलवारी काही कामाच्या नव्हत्या, मी मंगलचीच जाड लुगडी नेसून फिरत होते. तक्रार करावी असं हे सगळं, पण मला त्यातलं काही नको झालं नाही.

धनुर्मास चालू होता. आमच्याकडे या महिन्यात सूर्य उगवता उगवता जेवायचं असतं. मंगलनं मुगाची खिचडी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा आणि मेथीची भाजी असा थाट केला. चेन्नईत याच महिन्याला मारगळी म्हणतात आणि तिथेही पहाटे देवळात तांदूळ-मुगाचं पोंगल मिळतं, मिरं आणि तूप घातलेलं. पदार्थ जवळपास एकच. पण तिथे ते खाऊन घाम येतो आणि इथे तीच खिचडी खाल्ली की हाताच्या बोटांत जीव येतो. हे महिने कशासाठी नेमले होते, हे मला इतक्या वर्षांनी पाटावर बसल्यावर कळलं.

नाना जेवले. भाकरी चुरून, वर लोणी घालून, मान खाली घालून जेवले. दुसरी भाकरी मागितली. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. हात धुऊन नाना ओट्यावर उन्हात बसले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. बाई नाही म्हणाले. "शैले," म्हणाले, "तुझी आई दिसंना कुठं?"

"देवळ्याला गेलीय. मामाकडे."

"या थंडीत?"

"येईल चार दिवसांत."

"आन् जाताना मला बोलली नाय," एवढंच म्हणून ते उन्हाकडे पाठ करून बसले.

गावानं अशोकचं ऐकलं होतं. पलीकडचे दगूतात्या नानांचे बालमित्र. ते रोज येऊन बसायचे. कांद्याचा भाव, ऊसतोडीच्या टोळ्या, बिबट्या कुठल्या मळ्यात दिसला, सगळं बोलायचे, पण घरातल्या माणसांचा विषय निघाला की तपकिरीची डबी काढायचे. आईच्या लग्नात पंगत वाढलेले हे दगूतात्या. जाताना एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "शैला, मला हे झेपत नाय. भेटायला येतो आन् बोलत नाय. माझ्याच तोंडाला कुलूप घातलं तू."

मी त्यांना चार दिवस थांबा म्हटलं. तेवढ्यानं काय होणार होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

कांद्याचं रान

नंतरच्या दिवसांत थंडी वाढत गेली. निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागला आणि गावात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. मी स्वतःला थंडीची मोठी भक्त समजत होते, पण बागवाल्यांच्या घरात थंडीचं कौतुक कुणी करत नाही. द्राक्षाचे मणी फुगायच्या दिवसांत पारा फार उतरला तर मण्यांची वाढ खुंटते, घड काळवंडतात. म्हणून पहाटे उठून बागेच्या बांधावर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवायचं. ओलसर पाचट टाकलं की जाळ होत नाही, नुसता धूर होतो आणि तो ओळींमधून पसरून बागेवर बसतो. लहानपणी आम्ही त्या धुरात उभं राहून शेकायचो. डोळे चुरचुरायचे आणि आई ओरडायची.

चौथ्या दिवशी पहाट फटफटत असताना मला जाग आली. नानांचं अंथरूण रिकामं. दार सताड उघडं. मी तशीच अनवाणी धावले. अशोक माझ्या पुढे होता. धूर लांबूनच दिसला.

नाना आमच्या रानात होते. चार ठिकाणी पाचटाचे ढीग करून त्यांनी पेटवले होते, वाऱ्याची दिशा धरून, बरोबर अंतरं राखून. धूर रानावर सरकत होता. फक्त तिथे बाग नव्हती. अशोकनं तीन वर्षांपूर्वीच ती काढून टाकली होती. वेली जुन्या झाल्या, माणसं मिळेनात, त्याचा इलाज नव्हता. आता तिथे वीतभर उंचीची कांद्याची रोपं होती आणि त्यांच्यावरून तो धूर जात होता. कांद्याला धुराचं काही देणंघेणं नसतं.

नानांना घरी ओढून न्यावं म्हणून मी पुढे झाले, तर अशोकनं मला हातानं थांबवलं. तो जाऊन नानांशेजारी उकिडवा बसला आणि त्यानंही मूठभर पाचट ढिगावर टाकलं. दोघं बसून राहिले. उजाडलं तसं रान दिसायला लागलं. नानांनी मान वर करून या बांधापासून त्या बांधापर्यंत बघितलं.

"बाग कुठंय रं?"

"काढली नाना," अशोक म्हणाला. "तीन वर्षं झाली. तुम्हाला सांगायला पायजे व्हतं."

नानांनी जवळचं कांद्याचं रोप बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "जुनी झाली व्हती. बरं केलं." आणि हातातलं पाचट पुन्हा ढिगावर टाकलं.

मला एकदम हलकं वाटलं. चाळीस वर्षांची बाग गेली हे माणूस असं पचवतो, तर आईचं जाणंही पचवेल. आज सांगून टाकावं असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात मंगल चहाची किटली घेऊन बांधावरून आली. घाईत तिनं खुंटीवर होता तो स्वेटर अंगात घातला होता, मेंदी रंगाचा, कोपरावर विरलेला. नानांनी चहा घेतला नाही. ते तिच्या बाहीकडे बघत राहिले.

"हा तिचा स्वेटर हाय."

स्वेटर आईचाच होता. चेन्नईला जाताना आईनं तो मागे ठेवला होता, तिकडे याचं काय काम म्हणून.

"ती स्वेटर न घेता गेली देवळ्याला?" नाना उठून उभे राहिले. "आन् तुम्ही जाऊ दिलं? तिकडं डोंगराचं वारं असतं. तिची छाती धरती थंडीत, ठाऊक हाय ना तुला शैले?"

मंगलनं स्वेटर काढला, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला. तिच्या दंडावर काटा आला होता.

"अशोक, गाडी काढ," नाना म्हणाले. "आज जायचं."

देवळ्याचा रस्ता

मी आडोशाला जाऊन मामींना फोन लावला. मामा आता नाहीत, मामी आणि त्यांची मुलं देवळ्याला असतात. आम्ही येतोय, ती आजच शेजारच्या गावाला गेली असं सांगाल का, मी विचारलं.

"नही माय," मामी त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "मन्ही नणंद व्हती ती. ती जित्ती शे असं मी कसं सांगू? नानास्नी मन्हाकडे बघं तर मी रडसू."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना जमण्यासारखंच नव्हतं ते. आता देवळा येण्याआधी मला सांगणं भाग होतं.

नाना दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून पुढच्या सीटवर बसले. स्वेटर मांडीवर. पिंपळगाव गेलं. हायवेवर कांद्याचे ट्रॅक्टर रांगेनं चालले होते. चांदवडला त्यांनी गाडी थांबवायला लावली, सासुरवाडीला मोकळ्या हातानं जायचं नसतं म्हणून. अशोकनं जिलबी घेतली. मी पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले. जिलबी गरम होती आणि मला ती मामींच्या घरापर्यंत नेववेल असं वाटत नव्हतं.

चांदवडच्या पुढे रस्ता डोंगरांमध्ये शिरतो. हवा इतकी स्वच्छ होती की लांबच्या कड्यावरची भेग न भेग दिसत होती. चेन्नईत मला लांबचं असं काही दिसतच नाही, बाष्पात सगळं विरघळलेलं असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका ओळीनं ओणवून कांद्याची रोपं लावत होत्या. आणि नाना बोलत होते. चार वर्षांत बोलले नसतील एवढं बोलत होते.

"बघायला आलो तवा थंडीच व्हती. ती चहा घेऊन आली तर हात असा थरथर. मला वाटलं, पोरगी घाबरली. मागून कळलं, पहाटपासून विहिरीवर धुणं धुवायला लावलं व्हतं तिला. पाव्हणे येणार म्हणून." ते हसले. "घाबरणारी व्हती का ती?"

अशोकही हसला. मी ऐकत होते. हा माणूस मला परत मिळाला होता, थंडीनं मिळवून दिला होता आणि आता मीच त्याला मारायला निघाले होते. देवळ्याची पाटी दिसली तेव्हा मी म्हटलं, "अशोक, बाजूला घे."

गाडी थांबली. मी खाली उतरून पुढचं दार उघडलं आणि नानांच्या पायाशी रस्त्यावर बसले.

"नाना, आई देवळ्याला नाही."

"मग?"

"आई गेली, नाना. गेल्या वर्षी आखाडात. चेन्नईला, आपल्या घरात. मी तुम्हाला खोटं सांगत होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. एक एसटी गेली, तिचा वारा लागला. मग ते म्हणाले, "पाणी कुठंय?"

मी पटकन बाटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि स्वेटर सीटवर ठेवून खाली उतरले. शेजारच्या रानात पाइपातून पाटात पाणी पडत होतं. तिकडे ते चालायला लागले. मला कळेना. अशोकला कळलं. आमच्याकडे जवळचं माणूस गेल्याची बातमी लागली की जिथे असाल तिथे, अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. मी हे लहानपणापासून पाहिलेलं, पण चेन्नईत बातमी फोनवर येते आणि आपण खुर्चीवर बसून राहतो.

"नाना, गार पडाल! घरी जाऊन घेऊ, बंब पेटवते," मी मागे धावत म्हटलं.

"असलं पाणी कुणी तापवीत नाय," ते म्हणाले. टोपी काढून माझ्या हातात दिली आणि पाइपाखाली बसले.

पाणी विहिरीचं, फार गार नव्हतं. वारा गार होता. धोतर अंगाला चिकटलं, पाठीची हाडं दिसायला लागली. रोपं लावणाऱ्या बायका एकेक करून सरळ उभ्या राहिल्या. कोण हा म्हातारा आमच्या पाण्यात बसला, असं त्यांनी विचारायला हवं होतं. त्यांच्यातली एक वयस्क बाई हातातली रोपं खाली ठेवून पुढे आली आणि पदर डोक्यावर घेऊन हळू आवाजात म्हणाली, "कोण गेलं बाबा?"

"घरातली," नाना म्हणाले.

"कधी?"

नानांनी भिजलेला चेहरा वर केला. "आत्ता," म्हणाले.

ती बाई मटकन बांधावर बसली. बाकीच्याही बसल्या. दीड वर्षापूर्वी चेन्नईत आईचं सगळं रीतसर केलं होतं, गुरुजी बोलावून, यादी करून. तेव्हा मला जे रडू आलं नव्हतं ते त्या परक्या बायकांच्या रानात आलं.

कोरडे कपडे आणलेलेच नव्हते. माझ्या शालीनं त्यांना पुसलं, अशोकनं स्वतःचा शर्ट काढून घातला. तरी ते कुडकुडत होते, दातावर दात आपटत होते. शेवटी स्वेटर उरला होता. तो मी त्यांच्या डोक्यातून घातला. बाह्या मनगटापर्यंत पोचेनात. त्या बाईनं आपल्या फडक्यात बांधलेली भाकरी गाडीत आणून दिली आणि आम्ही तिला जिलबीची पिशवी दिली. आणखी काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही. देवळ्याला गेलो नाही. तिथूनच मागे वळलो.

परतताना नाना डोळे मिटून होते. मला वाटलं, झोपले. चांदवड मागे पडल्यावर त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "शैले, ती गेली तवा मी व्हतो का?"

हा प्रश्न मी कधी मनातसुद्धा आणला नव्हता.

"होतात," मी म्हटलं. "तिच्या उशाशीच होतात. तुमचा हात तिच्या हातात होता."

ते खरं होतं. आईनंच त्यांचा हात धरून ठेवला होता. पलंगावरची ही बाई कोण आहे आणि आपला हात का सोडत नाही, असं ते मला विचारत होते, तेवढं मी सांगितलं नाही. तेवढं मी कधीच सांगणार नाही.

"मग बरं," नाना म्हणाले. मग खूप वेळानं पुन्हा, "मग बरं झालं."

ओटा

त्या रात्री मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसून होते. ताप आला नाही. पण मला तापापेक्षा सकाळचीच भीती जास्त होती. उठल्यावर ते पुन्हा विचारतील, मग मी काय करायचं? पुन्हा सांगायचं, पुन्हा ते पाण्याखाली बसणार, पुन्हा आईला आत्ता मारायचं. नाही तर पुन्हा एक थाप शोधायची.

सकाळी सगळं गाव धुक्यात होतं. मी चुलीजवळ बसले होते. नाना उठले, तोंड धुतलं, चहा घेतला. आईबद्दल त्यांनी विचारलं नाही. गोधडी पांघरून ओट्यावर जाऊन बसले. धुकं विरून ऊन ओट्याच्या एका टोकाला लागलं तसे सरकून तिथे बसले. मी दाराच्या आत उभी होते.

दगूतात्या आले. नेहमीसारखे खाकरले आणि म्हणाले, "नाना, ऐकलं का, रात्री पारा आणखी उतरला."

"दगू," नाना म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलं. शैलाची आई वारली."

दगूतात्यांनी दारातून माझ्याकडे बघितलं. दीड वर्ष त्यांना हे ठाऊक होतं. मी मान हलवली. त्यांनी पायातलं काढलं, डोक्यावरचा फेटा सोडून हातात घेतला आणि आत्ताच कळल्यासारखं विचारलं, "कधी, नाना?"

"आखाडात. मद्रासला," नाना म्हणाले. त्यांनी गोधडीतून उजवा हात बाहेर काढला आणि उन्हात धरला. "मी व्हतो तिथं. शेवटपर्यंत हात सोडला नाय मी तिचा."

मग त्यांनी बाजूला सरकून उन्हात जागा केली. दगूतात्या त्यांच्याजवळ बसले आणि तोंडाला फेटा लावून मोठ्यानं रडायला लागले.